एक गिटार, बाकी सगळा गळा

१९३१ साली अमेरिकेत ब्रन्सविक कंपनीची एक तबकडी बाजारात आली. एका बाजूला ‘टायगर रॅग’, दुसऱ्या बाजूला ‘नोबडीज स्वीटहार्ट’. गाणारे चार सख्खे भाऊ: जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड मिल्स. थोरला विशी-एकविशीतला, धाकटा अवघा सोळाचा. त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांच्या लेबलवर कंपनीने एक खुलासा छापला होता. या ध्वनिमुद्रणात एका गिटारशिवाय दुसरं कुठलंही वाद्य किंवा यांत्रिक साधन वापरलेलं नाही, अशा अर्थाचा.

ऐकणाऱ्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसणार नाही अशी खात्री असल्याशिवाय कुठली कंपनी असा खुलासा छापेल?

मी ‘टायगर रॅग’ पहिल्यांदा हेडफोनवर ऐकलं तेव्हा हे लेबल माहीत नव्हतं. जुन्या रेकॉर्डची खरखर, तिच्यातून पळत येणारी गिटार, तळाशी पोटातून घुमणारा ट्यूबा, वर ट्रम्पेट. चांगला बँड आहे असं म्हणून मी पुढे निघालो होतो. मग कळलं की ट्रम्पेट म्हणजे हॅरीचं तोंड आणि ट्यूबा म्हणजे जॉनचा गळा. परत मागे जाऊन ऐकलं. कळल्यावरही कान ऐकेना. तोंड आहे हे ठाऊक असूनही पितळच ऐकू येत होतं. आज नव्वदहून जास्त वर्षांनी, सगळं जग संगणकावर आवाज घडवत असताना, ते गाणं लावलं की मला अजून तसंच होतं.

मिल्स कुटुंब ओहायो राज्यातल्या पिक्वे नावाच्या छोट्या गावचं. ग्रेट मायामी नदीच्या काठी, पश्चिम ओहायोत. वडील जॉन मिल्स यांचं केशकर्तनालय होतं आणि त्यांची स्वतःची गाणारी चौकडीही होती, ‘फोर किंग्ज ऑफ हार्मनी’. आपल्याला हे जरा नवलाचं वाटेल, पण त्या काळच्या अमेरिकेत, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, न्हाव्याचं दुकान ही गाण्याची जागा होती. नंबर लागेपर्यंत बसलेले चार जण सूर लावायचे. एक मुख्य चाल धरायचा, दुसरा तिच्या वर जायचा, तिसरा खाली, चौथा मधली जागा भरायचा. या गाण्याला पुढे ‘बार्बरशॉप’ असंच नाव पडलं. मिल्स भावंडांच्या कानावर चार आवाजांचा मेळ असा लहानपणापासून पडत होता. आपल्या घरांत पोरं आईमागून ओव्या आणि आरत्या उचलतात, तितक्या सहज.

या चौघांकडे सुरुवातीला एक काझू होता. काझू म्हणजे तोंडात धरायची छोटी नळी, तिच्यावर पातळ पापुद्रा. नुसतं फुंकलं तर ती गप्प राहते. तिच्यात गुणगुणावं लागतं, मग पापुद्रा थरथरतो आणि भुणभुणता आवाज येतो. लहानपणी कंगव्याला पातळ कागद लावून आपण जे वाजवायचो, तीच युक्ती. गावातल्या मेज ऑपेरा हाउसमध्ये हौशी कलाकारांची स्पर्धा होती. भाऊ मंचावर गेले आणि हॅरीच्या लक्षात आलं की काझू आणलेलाच नाही. त्याने दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरली आणि ट्रम्पेटसारखा आवाज काढला. ही हकिकत त्या घराण्यात पुढे आयुष्यभर सांगितली गेली. काझू पुन्हा लागला नाही.

ती ओंजळ नेमकं काय करते, हे समजून घेण्यात फार मजा आहे. ट्रम्पेटचा आवाज ओठांपासून सुरू होतो. वादक ओठ आवळून फुर्रर करतो आणि पितळेची नळी त्या फुरफुरीला स्वर देते. हॅरीकडे नळी नव्हती, कंठ होता. आवाज आवळून, जरासा नाकात घेऊन त्याने त्याला धार आणली. हाताची ओंजळ म्हणजे तोंडापुढची आणखी एक छोटी पोकळी. ती मिटली की वरचे चमकदार स्वरांश अडतात आणि आवाज दबका, गोल होतो. उघडली की झळाळी परत येते. उघडझाप केली की ‘वा-वा’ असा उच्चार निघतो. करून पाहा, ‘ऊ’ म्हणत ओंजळ हळूहळू उघडा. आपला आवाज रूप पालटताना ऐकू येईल.

आता यातलं खरं नवल. त्याच काळात जॅझचे ट्रम्पेटवादक आपल्या वाद्यापुढे रबराची वाटी धरत होते, मोरी तुंबली की वापरतात तसल्या साधनाची वाटी. ती उघडझाप करून ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला बबर मायली ट्रम्पेटला गुरगुरायला, रडायला, बोलायला लावायचा. म्हणजे ट्रम्पेट माणसाचा गळा होऊ पाहत होतं. आणि पिक्वेचा एक पोरगा रेडिओवर असे वाद्यवृंद ऐकून आपल्या गळ्याचं ट्रम्पेट करत होता. गळ्याची नक्कल करणाऱ्या वाद्याची ही गळ्याने केलेली नक्कल. सतार-सारंगीतली गायकी ऐकत वाढलेल्या आणि तबलजीच्या तोंडून बोलांची पढंत ऐकलेल्या आपल्या श्रोत्याला ही ये-जा ओळखीची वाटावी. वाद्य गळ्याकडे निघालेलं असतं, गळा वाद्याकडे, आणि वाटेत कुठेतरी दोघांची गाठ पडते.

भावांनी रेडिओवरचे वाद्यवृंद ऐकून वाद्यं वाटून घेतली. जॉनचा आवाज खर्जाचा, त्याने ट्यूबा घेतला. गिटारही तोच वाजवायचा. हॅरी पहिलं ट्रम्पेट, हर्बर्ट दुसरं, डोनाल्डकडे ट्रॉम्बोन. म्हणजे चौघांकडे प्रत्येकी दोन-दोन कामं: शब्द गाताना माणूस, शब्द संपले की वाद्य. एका ओळीतून दुसरीत जाताना हा पालट इतक्या गुळगुळीतपणे होतो की सांधा सापडत नाही. मी शोधला आहे, पुन्हा पुन्हा.

नक्कल मात्र पुष्कळांना येते. मिल्स बंधूंकडे आणखी काही होतं.

चार माणसांनी चार वेगळे स्वर लावले तर आपल्याला चार माणसं ऐकू यायला हवीत. इथे ती मोजता येत नाहीत. एकच रुंद, ऊबदार आवाज ऐकू येतो आणि त्याला चार मजले आहेत एवढंच जाणवतं. अमेरिकेत भावंडांच्या गाण्यातल्या या गुणाला ‘रक्ताची सुरावट’ म्हणतात. नाव काव्यमय आहे, पण त्यामागचं कारण बरंचसं हाडामांसाचं आहे.

तंबोरा चांगला लागला की छेडलेल्या तारांत नसलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो स्वयंभू गंधार प्रत्येक स्वराच्या पोटात दडलेल्या वरच्या स्वरांशांपैकी एक असतो. गळ्यातून निघणारा स्वरही असाच एकटा नसतो. समजा एक भाऊ सेकंदाला २०० कंपनांचा षड्ज लावतो. त्याच्या सोबतीला ४००, ६००, ८०० अशी रांग आपोआप येते. दुसरा वर पंचम लावतो, ३०० कंपनांचा. त्याची रांग ६००, ९००, १२००. दोघांच्या रांगा ६०० वर भेटतात आणि तिथे आवाज उजळून निघतो. आता दुसऱ्याचा पंचम जरासा चढला, ३०३ झाला, तर ६०० आणि ६०६ एकमेकांना घासतात आणि सेकंदाला सहा वेळा आवाज थरथरतो. सामान्य कानाला चूक सांगता येणार नाही, पण काहीतरी खुपेल. सूर नेमके लागले की स्वरांशांची गाठ पडते, आणि कुणीच न लावलेला एखादा वरचा स्वर हवेत झळकल्यासारखा वाटतो. बार्बरशॉप गाणारे त्या झळकीसाठीच जीव टाकतात.

नेमका सूर रियाजाने कुणालाही साधेल. पण स्वरांश किती जोरात उमटतील हे ठरतं तोंडाच्या आतल्या घडणीवरून: घशाची लांबी, टाळूची कमान, जिभेची ठेवण. भावंडांत ही घडण पुष्कळदा मिळतीजुळती असते. घरी फोन आला आणि पलीकडच्याने मुलालाच ‘काका’ समजून बोलायला सुरुवात केली, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. त्यात भर म्हणजे बोली एक. एकाचा ‘आ’ उघडा आणि दुसऱ्याचा अर्धा मिटलेला असेल तर दोघांच्या आवाजाचा रंग वेगळा पडतो. एका स्वयंपाकघरात बोलायला शिकलेल्या चौघांचा ‘आ’ एकच असतो. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, हेही न ठरवता ठरलेलं. माझ्या मते शरीरापेक्षाही हा सहवास मोठा. एकमेकांची चाहूल अंगवळणी पडलेली असते.

हे सगळं आणखी पंधरा वर्षं आधी झालं असतं तर आपल्यापर्यंत पोचलंच नसतं. १९२५ च्या आधी गायकाला भोंग्यापुढे उभं राहून जोर लावून गावं लागे, कारण आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ ओढायची. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांतही गायक चढ्या आवाजात ऐकू येतात त्याचं एक कारण हेच. मग विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि कुजबूजही टिपता येऊ लागली. ओंजळीतलं ट्रम्पेट हा मुळात लहान आवाज आहे. भोंग्यापुढे तो वाया गेला असता. मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन चौघं हलक्या आवाजात गायले आणि ते लहान ट्रम्पेट खऱ्याएवढं मोठं झालं.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९२८ च्या सुमारास सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू रेडिओ केंद्र, तिथून न्यूयॉर्क, आणि १९३० च्या आसपास सीबीएस ही रेडिओ कंपनी. कंपनीचे प्रमुख विल्यम पेली यांनी आपल्या खोलीतल्या स्पीकरवर या मुलांची चाचणी ऐकली आणि लगेच त्यांना प्रसारणावर आणलं, असं सांगतात. देशभर ऐकू जाणाऱ्या रेडिओजाळ्यावर स्वतःचा कार्यक्रम मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकारांत त्यांची गणना होते. ‘टायगर रॅग’च्या दहा लाखांवर प्रती खपल्याचं सांगितलं जातं. १९३१ च्याच डिसेंबरात बिंग क्रॉस्बीबरोबर ‘डायना’ मुद्रित झालं. १९३२ च्या ‘द बिग ब्रॉडकास्ट’ या चित्रपटात ते पडद्यावर आले. नुसतं ऐकून कुणाची खात्री पटत नसेल तर त्याने तो चित्रपट पाहावा: नीटनेटक्या सुटातली चार मुलं, एक गिटार, आणि तोंडाशी धरलेले हात.

काळी माणसं कुठे राहतील, कुठल्या दारातून आत येतील हे कायद्याने आणि रिवाजाने ठरवणारा तो देश होता. रेडिओवर मात्र आवाज थेट दिवाणखान्यात जाई, त्याला दारात कुणी अडवत नसे. १९३४ साली लंडनमध्ये राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यापुढे त्यांचा कार्यक्रम झाला.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये थोरला जॉन आजारी पडला. न्यूमोनिया. जानेवारी १९३६ मध्ये तो गेला. पंचविशीतला मुलगा, आणि त्याच्याबरोबर गटाचा खर्ज, गटाचा ट्यूबा आणि ती एकमेव गिटार, तिन्ही गेली. लेबलवर ज्या एका वाद्याचा उल्लेख होता, ते वाजवणारा हातच उरला नाही.

खर्जाचा गायक बाहेर मिळाला असता. न्यूयॉर्कमध्ये चांगल्या गळ्यांची वाण नव्हती. पण मघाशी म्हटलं ती घडण, तो ‘आ’ कुठून आणायचा? तो एकाच माणसाकडे होता. वडील पुढे आले. पन्नाशी ओलांडलेले जॉन मिल्स आपल्या मुलाच्या जागी उभे राहिले, त्याचा खर्ज गाऊ लागले, ट्यूबाही करू लागले. गिटार आधी बर्नार्ड ॲडिसनने आणि नंतर नॉर्मन ब्राउनने सांभाळली. गटाचं नाव ‘मिल्स ब्रदर्स’ असंच राहिलं आणि पुढची वीस वर्षं त्या भावांत एक बाप गात होता.

मी १९३५ च्या आधीच्या आणि १९३६ नंतरच्या तबकड्या लागोपाठ लावून ऐकतो. वडिलांच्या आवाजाला थोडं वय आहे, थोडी जास्त माती आहे. पण इमारत हलत नाही. चार मजले पुन्हा एकाच घराचे वाटतात. त्या मुलांचे गळे ज्या गळ्यावरून आले होते, तोच खाली येऊन उभा राहिला होता. ते वीस वर्षं रोज रात्री मुलाच्या जागेवर उभं राहून गाताना त्या बापाच्या मनात काय चालत असेल, हे मला कल्पनेनेही गाठता येत नाही. ऐकताना मात्र त्या खर्जाकडे लक्ष जातंच.

याच काळातल्या तबकड्या मला सगळ्यांत जास्त आवडतात, आणि त्यांतही लुई आर्मस्ट्राँगबरोबरच्या. १९३७ ते १९४० या वर्षांत डेका कंपनीसाठी त्यांनी एकत्र थोडी गाणी मुद्रित केली. ‘डार्लिंग नेली ग्रे’ त्यांतलं एक. ते एकोणिसाव्या शतकातलं, ओहायोत वाढलेल्या बेंजामिन हॅन्बीने लिहिलेलं गाणं. प्रियतमेला गुलामीत दूर विकून टाकल्यावर मागे राहिलेल्या माणसाचं. अमेरिकेत ते घरोघरी गायलं जाई, पुष्कळदा नुसतं गोड म्हणून. इथे पाच कृष्णवर्णीय माणसं ते गातात. मिल्स मंडळी खाली मऊ सुरावट अंथरतात, आणि तिच्यावरून आर्मस्ट्राँगचा खरबरीत आवाज चालत येतो. मग तो ट्रम्पेट उचलतो. खरं, पितळेचं. आर्मस्ट्राँग गायचा तेव्हा ट्रम्पेटसारखा गायचा आणि वाजवायचा तेव्हा गात असल्यासारखा वाजवायचा, त्यामुळे या खोलीत कोण वाद्य आणि कोण माणूस हा प्रश्नच विरघळून जातो. तीनेक मिनिटांची तबकडी आहे. रात्री दिवे घालवून ऐकावी अशी.

१९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा मिल्स मंडळी परदेशदौऱ्यावर अडकली होती. परतेपर्यंत ‘इंक स्पॉट्स’ नावाच्या दुसऱ्या चौकडीने बाजी मारली होती. १९४२ च्या फेब्रुवारीत मिल्स मंडळींनी ‘पेपर डॉल’ मुद्रित केलं. गाणं जुनं, जॉनी ब्लॅक यांनी १९१५ साली लिहिलेलं. ‘आय विल बी अराउंड’ या गाण्याच्या मागच्या बाजूला ते भरती म्हणून गेलं. पण लोकांनी तबकडी उलटली. सुरुवातीला संथ, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं. मग मधूनच लय पाऊल उचलते आणि सगळे डोलायला लागतात. १९४३ च्या अखेरीपासून हे गाणं अमेरिकेच्या यादीत सलग १२ आठवडे पहिलं होतं. घरापासून दूर असलेल्या सैनिकांच्या काळात, हातातून निसटणार नाही अशी कागदी बाहुली बरी, असं म्हणणारं गाणं. ज्याने लिहिलं ते जॉनी ब्लॅक १९३६ मध्येच वारले होते.

‘पेपर डॉल’मध्ये ओंजळीतलं ट्रम्पेट नाही. नक्कल हळूहळू मागे पडत गेली आणि सुरावट उरली. १९५२ मध्ये ‘ग्लो वर्म’ पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा त्यांच्यामागे हॅल मॅकिंटायरचा खराखुरा वाद्यवृंद होता. गाणं झकास आहे, ताजं, टवटवीत. तरी मला ते ऐकताना थोडं चुकल्यासारखं होतं. ज्यांचा गळाच वाद्यवृंद होता, त्यांना मागे वाद्यवृंद लागला.

१९५७ च्या सुमारास, पंचाहत्तरीला टेकलेल्या वडिलांनी दौरे थांबवले. भाऊ तिघेच उरले आणि तिघेच गात राहिले. रॉक अँड रोल आलं, आवडीनिवडी पालटल्या, तरी १९६८ मध्ये ‘कॅब ड्रायव्हर’ने त्यांना पुन्हा यादीत आणलं. त्याच्या आदल्याच वर्षी वडील गेले होते. १९८२ मध्ये हॅरी गेला, ओंजळीचा हॅरी. हर्बर्ट १९८९ मध्ये.

शेवटी डोनाल्ड एकटा राहिला, १९३१ मध्ये सोळा वर्षांचा असलेला. त्याच्याजवळ आता खर्ज नव्हता, ट्रम्पेटं नव्हती. त्याने आपल्या मुलाला शेजारी उभं केलं. मुलाचं नाव जॉन. थोरल्या भावाचं आणि आजोबांचं नाव. १९९८ मध्ये गटाला जीवनगौरवाचा ग्रॅमी मिळाला आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये डोनाल्डने डोळे मिटले. तोवर ते दोघं मंचावर जात राहिले, जुनीच गाणी, त्याच ‘मिल्स ब्रदर्स’ या नावाने. पुन्हा एकदा एक बाप आणि त्याचा मुलगा.